मालावर पाय नको

आमच्या घरात पोरं आधी माल चुकवायला शिकतात, चालायला मागाहून. वाढवून सांगत नाही मी. डिंडोलीतल्या आमच्या खोलीची निम्मी फरशी कायम साड्यांनी झाकलेली असते. बाजारातून भरतकाम केलेल्या साड्यांचं पोटलं येतं, आम्ही बायका मागच्या बाजूला लोंबणारे धागे कापतो, घड्या घालतो आणि पोटलं परत जातं. धागा कटिंग म्हणतात या कामाला. साडीवर एवढासा डाग दिसला तरी व्यापारी ती आमच्याच गळ्यात मारतो. म्हणून आमची पोरगी रांगत साडीकडे निघाली की मी तिच्या तळपायावर हलकीच चापट मारायची. मालावर पाय नको, एवढं तिला बोलता येण्याआधीपासून कळत होतं. त्यात मी काही वावगं केलं असं मला आजही वाटत नाही, कुणी कितीही शहाणपण शिकवो.

तर अशा घरातली ही पोरगी एक दिवस शाळेतून आली आणि म्हणाली, मी बेसबॉल खेळणार. मी म्हटलं खेळ बाई, क्रिकेट काय आणि ते काय. त्यावर तिने कपाळाला हात लावला. मग मला बसवून समजावलं. यात फेकणारीला पिचर म्हणतात. समोर जमिनीत पाटाएवढी पांढरी प्लेट असते, तिच्या बाजूला बॅट घेऊन एक मुलगी उभी राहते आणि मागे मोठा ग्लोव्ह घालून कॅचर उकिडवी बसते. चेंडू प्लेटच्या वरून, बॅटवालीच्या गुडघ्यांच्या वर आणि छातीच्या खाली, असा जायला हवा. टप्पा पडू द्यायचा नाही. मी विचारलं, आणि तुला बॅटिंग कधी देतात? ती म्हणाली, माय, तुले काहीच समजस नही. खरंच समजत नव्हतं, पण पोरीच्या अंगात जोर होता आणि डोळ्यांत चमक होती, तेवढं मला पुरेसं होतं. तिचे पप्पा कापडाच्या लूमवर बारा तासांची पाळी करून येतात, कान सुन्न झालेले असतात, त्यांना मी हातवारे करून सांगितलं की पोरगी चेंडू फेकते. त्यांना ती कुठूनतरी फेकली गेली असं वाटलं आणि ते घाबरून उठले.

तिच्या मॅडम इथल्याच, गुजराती, तरुण, आवाज खणखणीत. त्यांनी शिकवलेलं सगळं पोरगी घरी येऊन मला ऐकवायची. चेंडू हाताने फेकायचाच नसतो म्हणे. तो पायातून निघतो. उजव्या पायाने जमीन ढकलायची, डावा गुडघा वर घ्यायचा, मग तो पाय पुढे टाकायचा, तेव्हा आधी कंबर वळते, मग छाती आणि हात सगळ्यात शेवटी येतो. डाव्या हातातला ग्लोव्ह छातीशी घट्ट. नजर कॅचरच्या ग्लोव्हवर, हनुवटी हलू द्यायची नाही. आणि डावा पाय प्लेटच्या सरळ रेषेत, बोटं पुढे करून टेकायचा, कारण पाय जिकडे तिकडे कंबर आणि कंबर जिकडे तिकडे चेंडू. मला हे ऐकून हसू यायचं. आम्ही जात्यावर दळायचो तेव्हा कुणी कंबर आधी की हात आधी हे सांगत बसलं नव्हतं. पण ऐकायला आवडायचं.

गल्लीत चेंडू फेकायची सोय नव्हती, काचा आणि शेजारणी दोन्ही फुटायच्या. म्हणून मॅडमनी तिला नुसत्या नॅपकिनने सराव करायला सांगितला. चेंडू फेकायची सगळी हालचाल करायची, हातात चेंडूऐवजी नॅपकिन. दुपारी ऊन उतरलं की आम्ही बायका गल्लीत ताडपत्री टाकून साड्या पसरतो, कारण आत उजेड कमी. ती त्या ताडपत्रीच्या कडेला उभी राहून नॅपकिन झटकायची. आम्ही धागे कापता कापता बघत बसायचो. एक काकू तिला रोज चिडवायची, की एवढे हात झाडतेस तर आमच्या घरातली जळमटं तरी काढ. पोरगी हसायची आणि पुन्हा गुडघा वर घ्यायची.

मैदानावर मात्र तिचा चेंडू सरळ जात नव्हता. जोर भरपूर, पण तो उजवीकडे सुटायचा, नेमका बॅटवाली उभी असते तिकडे. मॅडम रोज सांगायच्या, पग सीधो मूक बेटा, म्हणजे पाय सरळ टाक. ती रोज हो म्हणायची आणि पाय आडवाच पडायचा. डावा पाय उजव्याच्या समोर आडवा येऊन टेकला की कंबर वळायला जागाच राहत नाही, मग हात आपला स्वतःच्या मनाने धावतो. हे सगळं तिला पाठ होतं. पायाला पाठ नव्हतं.

आणि मग एक दिवस तो चेंडू तिच्या मैत्रिणीच्या दंडावर बसला. शेजारच्या वस्तीतली, गोडादऱ्याची पोर, दोघी पहिलीपासून एका बाकावर. हाड मोडलं नाही, पण दंड काळानिळा झाला. मी डबा घेऊन भेटायला गेले तर ती बिचारी हसत होती, म्हणाली काकी, तिला सांगा माझी बॅट हळू होती. आमची मात्र घरी येऊन कोपऱ्यात बसली. जेवली नाही. राज्याच्या संघासाठी निवड तोंडावर आलेली आणि ही म्हणते ग्लोव्ह परत देऊन येते. मी समजावलं, रागावले, लाडीगोडी लावली. शेवटी ती एवढंच बोलली.

"माले भ्या वाटस, माय. मना हात तिले मारस."

सहा महिने ही पोर पहाटे उठून पळत होती, स्वतःचे कपडे स्वतः धुऊन शाळेत जात होती, कधी कशाला हट्ट केला नाही, आणि ज्या एका गोष्टीत तिचा जीव होता तिचीच तिला भीती बसली होती. खेळ गेला तरी चाललं असतं. पण आपल्या हाताला ती घाबरायला लागली हे मला सहन होईना.

रविवारी मॅडमनी मला बोलावलं. मी पोरीला जवळजवळ ओढतच रिक्षात घातलं. मैदान मी पहिल्यांदाच बघत होते. एवढी मोकळी जागा बघून मला आधी तिथे किती साड्या मावतील हेच सुचलं. मॅडम पोरीशी गोड बोलल्या. आज चेंडू नको, बॅटवाली नको, कुणी नको, फक्त पाय, असं म्हणाल्या. ज्या जागी डावा पाय पडायला हवा तिथे त्यांनी आपला पांढरा टॉवेल अंथरला आणि सांगितलं, यावर पाय टेक, बाकी सगळं विसर.

पोरीने गुडघा वर घेतला, पाय पुढे टाकला, आणि तो टॉवेलच्या एक वीत उजवीकडे पडला. नेहमीपेक्षाही जास्त आडवा. मॅडमनी टॉवेल मोठा करून पसरला. पाय आणखी लांब गेला. त्या न चिडता पुन्हा सांगत होत्या आणि पोरगी पुन्हा पुन्हा तेच करत होती. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मॅडमना वाटलं असणार की ही आता मुद्दाम करतेय.

मला आधी हसू फुटलं. चांगलं मोठ्याने. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. आणि हसता हसताच मी थांबले, कारण तो पाय मी ओळखला होता. साड्यांच्या मधून पाण्याची घागर घेऊन जाताना, अभ्यासाला कोपरा शोधताना, पोरीचा पाय असाच हवेत थबकतो आणि बाजूला पडतो. गल्लीत ताडपत्री तिच्या पुढ्यातच असायची, आणि ती रोज तिथे नॅपकिन झटकत होती. बाजूला पाय टाकायचा सराव तिने किती मन लावून केला होता, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आता मैदानात साडी नव्हती तरी पाय तिला चुकवत होता, आणि मॅडमनी तर समोर साक्षात कापड अंथरलं होतं.

माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत मी मॅडमना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि हळूच टॉवेल उचलला. मग चुन्याने खूण करून बघितली. पाय थोडा जवळ आला, पण टेकायच्या क्षणाला सरकायचाच. त्या म्हणाल्या, आदत आहे, जाईल, पण वेळ लागेल. वेळच तर नव्हता.

मग मला काय झालं सांगता येत नाही. मी जाऊन त्या चुन्याच्या खुणेशी खाली बसले. अंगावरच्या साडीचा पदर सोडला आणि खुणेवर पसरला. हळद-तेलाचे डाग पडलेली माझी रोजची साडी, कुठल्या पोटल्यातली नाही की कुणाला परत द्यायची नाही.

"हाऊ माल नही शे," मी म्हटलं. "मना पदर शे. ठेव पाय."

पोरगी मागे सरली. तिने मान हलवली. आईच्या पदरावर पाय, शिवशिव. मी म्हटलं, लहानपणी याच पदराला नाक पुसलंस, याच्यावर ओकलीस, याच्यात झोपलीस, तेव्हा तुझी लाज कुठे गेली होती? मॅडमना शब्द कळले नसतील, पण त्या तोंड फिरवून हसत होत्या. पोरगी तशीच उभी. मग खाली बसली, बूट काढले. मॅडम म्हणाल्या बूट घालूनच करायचंय. मी हाताने त्यांना थांबवलं.

अनवाणी पुढे आली. वाकून माझ्या पदराला हात लावला, तो कपाळाला लावला. नॅपकिन घेऊन मागे जाऊन उभी राहिली. गुडघा वर गेला. पाय माझ्याकडे आला, थबकला, मला वाटलं गेला परत बाजूला, आणि तो टेकला. अगदी अलगद, फूल ठेवावं तसा. मी ओरडले, पिठात पाय देतेस का, जोर लाव. पुढच्या वेळी नीट टेकला. त्याच्यापुढच्या वेळी तिची कंबर वळलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली. कंबर, मग छाती, मग हात, जसं ती सांगायची तसंच. हातातला नॅपकिन माझ्या डोक्यावरून सपकन गेला. मग तिने बूट घातले आणि बूट घालूनही तसाच पाय पडला. माझ्या पदरावर मातीचे ठसेच ठसे उठले. इतकी वर्षं कापडावर एक ठिपका पडू नये म्हणून जिवाचं रान करणारी मी, त्या ठशांकडे बघून ढसाढसा रडले. सुखाने रडले, उगाच काही वेगळं समजू नका.

त्यानंतर आम्ही गल्लीतली ताडपत्री दुसऱ्या भिंतीकडे सरकवली. चिडवणाऱ्या काकूने स्वतः उठून सरकवली. आणि निवडीच्या दिवसापर्यंत माझ्या एका जुन्या साडीचा पदर तिच्या पुढ्यात अंथरलेला असायचा.

निवडीच्या दिवशी मी मैदानाच्या कडेला, जाळीला धरून उभी होते. मुलींचे दोन गट पाडलेले. आमची पोरगी फेकायला गेली तेव्हा समोर बॅट घेऊन कोण आली, तर गोडादऱ्याची तीच. दंडावरचा डाग पिवळा पडून गेला होता, पण मला तो तिथून दिसतच होता. आमचीला पण दिसत असणार. ती चेंडू हातात घेऊन उभीच राहिली. मला वाटलं, आता खाली ठेवते आणि निघून येते.

मैत्रिणीने बॅट खांद्यावर घेतली आणि प्लेटजवळ आली. यायला हवं त्यापेक्षाही जवळ. लांब सरकली असती तर कुणी तिला नावं ठेवली नसती. ती जवळ आली.

मग आमची पोरगी दोन पावलं पुढे गेली आणि वाकली. जिथे तिचा डावा पाय पडायचा होता त्या मातीला तिने हात लावला आणि तो कपाळाला लावला. माझ्या बाजूला उभे असलेले एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, छोकरी मैदानाच्या पाया पडते, संस्कार चांगले आहेत. तिथे माझा पदर अंथरलेला होता, तो त्यांना कुठून दिसणार.

ती मागे गेली. गुडघा वर आला. पाय सरळ पुढे पडला, दणकून. चेंडू मैत्रिणीच्या समोरून प्लेटवरून गेला आणि कॅचरच्या ग्लोव्हमध्ये असा वाजला की मला जाळीपाशी ऐकू आला. मैत्रीण जागची हलली नव्हती. तिने बॅट खाली केली आणि दुखऱ्या हाताचा अंगठा वर करून दाखवला.

संघात नाव आलं, ते संध्याकाळी. मॅडमचा फोन आला तेव्हा नवं पोटलं नुकतंच उघडलं होतं आणि फरशीभर साड्या पसरल्या होत्या. पोरगी आतल्या दारात होती. ऐकलं आणि माझ्याकडे धावली. धावली, पण कशी, तर प्रत्येक साडी चुकवत, इकडे पाय, तिकडे पाय, बोटांवर उड्या मारत. एकाही साडीला तिचा पाय लागला नाही. माझ्यापाशी पोचली आणि थेट फरशीवर लोळणाऱ्या माझ्या पदरावर येऊन उभी राहिली.