करवंदाची ताजी डहाळी

टिण्, टिण्, टिण्! काचेच्या पेल्यात कुंचला बुचकळला की व्हायचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आठवला की मी एकटाच हसतो. एका भल्या बाईला वेड लागायची पाळी मी आणली होती, तीही निव्वळ मायेनं! ऐका, पण आधी कप खाली ठेवा. चहा सांडेल.

तेव्हा मी जव्हारला सरकारी बंगल्यावर पाणी भरायला, चहा करायला होतो. उन्हाळ्यात मुंबईच्या एक बाई आल्या. रानातल्या फळापानांची चित्रं रंगवायच्या. ती पुस्तकात छापायची होती. करवंद तेवढं राहिलं होतं, आणि शुक्रवारी एस.टी.नं परत जायचं होतं.

बाईंनी हिरव्या करवंदांची डहाळी पेल्यात ठेवली आणि बसल्या रंगवत. दिवसभरात झालं काय? दोन करवंदं आणि एक पान! तेवढ्या वेळात मी अख्खा बंगला रंगवला असता.

संध्याकाळी बघतो तर डहाळी मलूल. आता सांगा, पाहुण्यापुढे शिळं कोण ठेवतं? पहाटे रानात गेलो, काळ्याभोर करवंदांची डहाळी आणली. बाईंना टोचायला नको म्हणून काटेही मोडले. जुनी शेळीला घातली.

सकाळी बाई ओरडल्या, "नवसू! ही एका रात्रीत काळी कशी झाली?"

"उन्हाळा आहे, बाई. पिकायचीच."

बाईंनी नवा कागद घेतला. दुसऱ्या पहाटे रानातली पिकलेली सगळी बुलबुलांनी खाल्लेली. मी हिरवी आणून ठेवली.

त्या दिवशी बाईंनी डोळे चोळले. चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि तडक बाजारात चष्मेवाल्या चाचांकडे गेल्या. पिशवी घेऊन मी मागे.

"काच एकदम साफ आहे, बाईजी," चाचा म्हणाले.

"मग काटे कुठे गेले?"

"काटे? चष्म्यात?"

मला वाटलं, बाईंना ऊन लागलं. तळपायाला चोळायला कांदा किसून दिला. आणि आजारी माणूस म्हणून दुसऱ्या पहाटे आणखी लांब जाऊन आणखी चांगली डहाळी आणली. ठेवतो, तर बाई दारात!

"नवसू, हे काय?"

"ताजी डहाळी, बाई. रोजच आणतो."

बाई मटकन खाली बसल्या. "रोज?"

"मग! शिळी कशी ठेवू?"

रागावल्या नाहीत हो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग स्वतःच जाऊन एक डहाळी आणली. काटेरी, वर भोक पडलेलं किडकं पान! म्हणाल्या, "हिला हात लावायचा नाही. उद्या दुपारी माझी एस.टी. आहे. हे चित्र बिघडलं तर पुस्तकात करवंदच नाही."

"गळ्याशपथ, बाई."

अंधार पडेपर्यंत बाई रंगवत होत्या. उरलेलं पुरं करायला सकाळी आल्या. डहाळी जागेवर, काटे जागेवर, भोकसुद्धा जागेवर!

"शाबास, नवसू! खरंच हात लावला नाहीस!"

"डहाळीला नाही लावला," मी छाती फुगवून म्हणालो. "ती हिरवी अळी तेवढी उचलून रानात करवंदीच्या जाळीत सोडली. तुमचं पान खात होती मेली."

बाईंनी कागदाकडे पाहिलं. मीही पाहिलं. पानावर अळी होती. शेपटाकडून अर्धी सुरेख हिरवीगार. डोक्याकडून अर्धी नुसती पेन्सिलीची.

बाईंनी टोपी घातली आणि करवंदीच्या जाळीकडे चालू लागल्या.