येतो, असं म्हणालो होतो

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायको होती तोवर अधूनमधून म्हणायची, "अहो, निदान लिहून तरी ठेवा." मी म्हणायचो, बघू. संक्रांतीच्या सहलींच्या गप्पा निघाल्या की किस्से सांगण्यात मी पुढे. कुणाची चप्पल लाँचमधून पाण्यात पडली, कुणाच्या हातातली पुरी माकडानं नेली, सगळं तिखटमीठ लावून सांगायचो. हा एक सोडून. आता ते ऐकून हसणारेही फारसे उरले नाहीत. आणि जिला हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं, तिला मी तोंडावर खोटं सांगून बसलो आहे. म्हणून लिहितो.

संक्रांतीला हैदराबादेत लागून सुट्ट्या येतात. हे घडलं तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. नारायणगुड्यातलं आमचं घर, आबिड्सचे एक वकील आणि त्यांची मंडळी, सिकंदराबादचा माझा रेल्वेतला मित्र आणि त्याचं कुटुंब, असे मिळून आम्ही दरवर्षी एक मिनीबस ठरवायचो. शहराबाहेर एका बंद शाळेत डोळ्यांचं मोफत शिबिर भरायचं. दोन दिवस तिथं काम करायचं आणि तिथूनच परस्पर नागार्जुनसागरला सहलीला जायचं, असा आमचा शिरस्ता. बसमध्ये तिळाचे लाडू, पेरू, पतंग आणि गाण्याच्या भेंड्या. पुण्याचं पुण्य आणि मौजेची मौज, असं आम्हीच आमचं कौतुक करून घ्यायचो.

काम अवघड नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना हात धरून न्यायचं, आणायचं, डोळ्यांत थेंब टाकायचे, चहापाणी द्यायचं. एक नियम मीच घालून दिला होता. कुणालाही पेशंट म्हणायचं नाही. तेलुगू बोलणाऱ्यांना अम्मा आणि नायना, मराठी कानावर पडलं तर आई आणि बाबा.

वर्गांतली बाकं काढून खाटा मांडलेल्या असत. फळ्यावर जुन्या तासाची पुसट बेरीज तशीच असे. ऑपरेशन झालेली माणसं एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ओळीनं बसलेली, आणि बहुतेकांचा दुसरा डोळाही गेलेलाच. दारात पाऊल वाजलं की साऱ्या माना एकदम दाराकडे वळायच्या. बघत कुणीच नसायचं. बाहेर पोरांचा आरडाओरडा, आकाशात पतंग. एकदा तुटलेल्या पतंगाचा मांजा खिडकीच्या गजांतून आत आला आणि खाटांवरून सरकत राहिला. एका म्हाताऱ्याच्या बोटाला तो लागला. काय आहे ते न विचारता तो मुकाट्यानं गुंडाळत बसला, जणू पलीकडून कुणी तरी त्याच्या हातात दिला होता.

त्या वर्षी पहिल्याच दिवशी मित्र मला म्हणाला, "मियाँ, कोपऱ्यातली अम्मा सकाळपासून रडतीय. तुझी भाषा बोलते. रडणाऱ्यांचा महकमा तुझ्याकडे, चहाचं खातं माझ्याकडे."

"तू नुसता चहा पीत फिर," मी म्हणालो.

नर्स दारातच भेटली. "बीपी नै उतरा तो डॉक्टरसाब घर भेज देते. कायकू रो रै, मालूम नै."

म्हातारीचा एक डोळा काचबिंदूनं पूर्वीच गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू इतका पिकला होता, की तिला उजेड आणि अंधार एवढंच कळे. हे ऑपरेशन टळलं असतं तर तेवढंही राहिलं नसतं. मी तिच्या खाटेकडे निघालो. पावलं ऐकून तिनं मान वर केली आणि हाक मारली, "आलास का रे?"

आणि मी म्हणालो, "आलो, आलो, आई."

यात काही लबाडी नव्हती. कुणी हाक मारली की आपण असंच म्हणतो. पोहोचलेलो नसतो, तरी आलो म्हणतो.

तिचं रडणं थांबलं. हवेत हात फिरवून तिनं माझा हात शोधला, मनगटापासून बोटांपर्यंत चाचपला आणि दोन्ही हातांत धरला. "कवाची वाट बघतीय," ती म्हणाली. "आवाज किती जड झाला रे तुझा."

तेव्हा मला कळलं, की ती मला आपला मुलगा समजते आहे. त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण आमच्या शहरात घरटी एखादा मुलगा दुबईला नाही तर अमेरिकेला असतो. हिचाही तसाच असेल, वर्षानुवर्षं फिरकला नसेल, असं मी गृहीत धरलं. नर्सनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघून मला खूण केली, की उतरतंय, बसून राहा.

मी बसून राहिलो.

तिनं खाटेखालून चाचपडत पाण्याची बाटली काढली. "आधी पाणी पी. लांबून आलास." मी प्यालो. फरशीवर ठेवलेली बाटली, थंडीचे दिवस. दात ठणकले.

"लई गार होतं का रे पाणी?" तिनं विचारलं.

"नाही आई. बरं होतं."

तिनं मोठा श्वास सोडला. इतका वेळ तिनं तो धरून ठेवला होता असं वाटलं. "मला वाटायचं, लई गार असंल," ती पुटपुटली आणि उशीवर टेकली. माझा हात मात्र सोडला नाही. त्याच दुपारी तिचं ऑपरेशन झालं, आणि चांगलं झालं. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. मित्र म्हणाला, "महकम्यात तुला बढती."

बायकोला मी चहाच्या वेळी गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही.

"उद्या तिची पट्टी सुटायच्या आधी बस निघणार," ती म्हणाली. "तिला सांगून या, तुम्ही कोण ते."

"पुन्हा बीपी चढलं तर?"

"आता ऑपरेशन झालंय. सबबी नका सांगू. जा."

सकाळी बस शाळेच्या फाटकात उभी राहिली. हॉर्न वाजत होता, पोरं आतूनच नावं पुकारत होती. मी वर्गात शिरलो. साऱ्या माना वळल्या. ती खाटेवर ताठ बसली होती, हिरवी पट्टी माझ्याकडे करून. मी वाक्य जुळवून आणलं होतं: आई, मी तुमचा मुलगा नव्हे, मी इथं काम करायला आलेला माणूस आहे. तोंड उघडलं आणि निघालं ते इतकंच, "आई, येतो."

"ये," ती म्हणाली. "दाराला कडी घालत नाही मी."

आपल्याकडे जाणारा माणूस जातो म्हणत नाही. लहानपणापासून जीभ तशी वळलेली. पण ऐकणाऱ्यानं तो शब्द जसाच्या तसा धरला तर काय, हा विचार मी जन्मात केला नव्हता.

सागरच्या लाँचमध्ये मी कडेला बसलो होतो. नातवंडं ओरडत होती, वकीलसाहेब धरणाची माहिती देत होते. मी सहज पाण्यात हात घातला आणि तिचं वाक्य कानात आलं. मला वाटायचं, लई गार असंल. बाटलीतल्या पाण्याबद्दल कुणी वाटायचं म्हणत नाही. वाटायचं म्हणजे खूप दिवस वाटत होतं. रोज वाटत होतं. घशाखाली पाणी उतरताना दात ठणकले होते तसं आता बोटांपासून खांद्यापर्यंत ठणकायला लागलं. तिनं मला कुठल्या पाण्याबद्दल विचारलं होतं? आणि कुणाला विचारलं होतं?

बायकोनं माझा चेहरा पाहिला आणि माझा हात पाण्यातून ओढून बाहेर काढला. पदरानं कोरडा केला. बराच वेळ पुसत राहिली.

पुढच्या संक्रांतीला शिबिरात एक नवी मुलगी मदतीला आली. बँकेत नोकरी करणारी, चटपटीत. थेंब टाकता टाकता मला म्हणाली, "अंकल, माझ्या आजीचं ऑपरेशन हितंच झालं. आता टीव्ही बघती, मला भाजीत मीठ कमी हाय म्हणून टोकती. म्हणून यंदा मी सुट्टी इकडं दिली." मग हसून म्हणाली, "आणि ना, आजीला हितं पप्पा भेटले. सच्ची. तवापासून दाराला कडी नै. रात्रीपण नै. वॉचमन येऊन भांडून गेला."

"पप्पा कुठं असतात?" मी विचारलं. उत्तर मला नको होतं.

"पप्पा कुठले, अंकल. मी लहान होते तवाच गेले. गावाकडं विहिरीतली मोटर काढायला उतरले होते. असेच थंडीचे दिवस होते." ती पुढच्या खाटेकडे सरकली. "आजीनं त्यांना विचारलं म्हणे, पाणी गार होतं का. नै म्हणाले. तवापासून झोपती चांगली. आधी रात्रभर बसून असायची." पुढच्या म्हाताऱ्याची पापणी अलगद उघडून तिनं थेंब टाकला. "त्या दिवशी तुम्ही होता ना हितं? कोण आलं होतं आजीकडं?"

"खूप माणसं असतात, बेटा. लक्षात नाही," मी म्हणालो.

ती म्हणाली, "हौ, ते पण खरं." मग म्हणाली, "घरी या ना. आजीला मराठी बोलणारं माणूस मिळत नै."

बायकोनं मला नेलं. नेलं हाच शब्द बरोबर आहे. रविवारची सकाळ होती. तिसऱ्या मजल्यावर ओळीनं बंद दारं आणि एकच दार सताड उघडं. आत, दाराकडे तोंड करून, ती खुर्चीत बसली होती. जाड चष्मा, मांडीवर ताट, ताटात अंबाडीची पानं. ती निवडत होती, पण नजर ताटाकडे नव्हती. आमची सावली उंबऱ्यात पडली तशी तिनं माझ्याकडे पाहिलं. परक्या माणसाकडे पाहतात तसं, नीट, अदबीनं.

"कोण पाहिजे?"

बोलायला मीच आलो होतो. पण पहिलाच शब्द उच्चारला की तिला आवाज कळणार, हे मला तिथं उभं राहिल्यावर सुचलं. मग ती समोर कुणाला बघणार होती? एका गोऱ्या, टक्कल पडलेल्या, पेन्शनर माणसाला. विहिरीतला तिचा मुलगा पुन्हा विहिरीत जाणार होता, आणि पाणी गार होतं की नाही, याचं उत्तर कुणीच दिलेलं नसणार होतं.

"नमस्कार, आम्ही शिबिरातले. तुमच्या नातीनं बोलावलं होतं," बायको म्हणाली.

"जयभीम. या, या. बसा. ती दूध आणाया गेलीय." मग माझ्याकडे बघून, "हे बोलत नाहीत का?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. वाट पाहिली. मी मान खाली घातली. "यांचा घसा बसलाय," ती शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात माझ्याबद्दल जे होतं ते मी पुढं तिच्या शेवटच्या आजारापर्यंत विसरलो नाही.

"आधी पाणी प्या," म्हातारी म्हणाली आणि भिंतीला धरत जाऊन तांब्या-पेले घेऊन आली. बायकोला दिलं, मला दिलं. मी पीत असताना ती समोर उभी होती. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. पेल्याभोवतीच्या माझ्या बोटांवर होती.

"गार हाय का?" तिनं हळूच विचारलं.

मी मानेनं नाही म्हणालो.

तिनं माझ्या हातातला पेला घेतला. पुन्हा खुर्चीत बसून पानं निवडू लागली. नात परतायच्या आत आम्ही उठलो. बायको म्हणाली, "येतो आम्ही."

"या," ती बायकोला म्हणाली. मग माझ्याकडे वळली, आणि मी आजही शपथेवर सांगू शकत नाही, पण मला ऐकू आलं ते असं, "ये."

जिन्यात मी बायकोला विचारलं, "या म्हणाली की ये?"

"परत जाऊन विचारा," ती म्हणाली.

मी गेलो नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही नाही. महामारीच्या दिवसांत म्हातारी गेली. नातीनं फोन केला तेव्हा बाहेर पडायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं हायसं वाटलं. फोन ठेवताना ती म्हणाली, "अंकल, आता कडी घालायला पाहिजे ना? हातच लागत नै कडीला." मी म्हणालो, घाल, बेटा. ती म्हणाली, "कुणी यायचं राहिलं असंल तर?" त्यावर मी घसा खाकरला आणि फोन ठेवला.

त्या नातीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणजे हे कुणाला तरी तिला वाचून दाखवावं लागेल. तो आवाज माझा असायला हवा, हे मला कळतं. माझ्या घराच्या दाराला मी आता आतून दोन कड्या घालतो. तरी पावलं वाजली की मान वळते.

त्या वर्गात, बसचा हॉर्न वाजत असताना, मी जे म्हणायला हवं होतं, असं आज वाटतं, ते हे: आई, मी तो नव्हे. तुमच्या मुलाला मी कधी पाहिलं नाही. तुम्ही विचारलंत ते पाणी माझ्या माहितीतलं नव्हतं. मी फक्त बाटलीतलं प्यालो, आणि तेही गार होतं, खूप गार होतं, मी नाही म्हणालो. मी आलो नव्हतो आणि येणारही नव्हतो. दाराला कडी घाला. मला माफ करा.