तीन सेउवाई आणि एक ठिगळ

सामोआतल्या सालेवाओ गावच्या पाणी कंपनीत थंडी वाजण्याची जागा एकच, ती म्हणजे सर्व्हरची खोली. उएलिंगितोने नावाचा तिथला कर्मचारी आत शिरताना लोकरीचा स्वेटर अंगात घालायचा. न्यूझीलंडच्या चुलतभावानं पाठवलेला, पोटावर मेंढी विणलेला. बाहेर नीरफणसाच्या झाडाखाली कोंबड्या चोची उघड्या टाकून पडलेल्या असायच्या, आणि आत हा गृहस्थ माघाच्या पहाटेसारखे तळवे चोळत बसायचा. त्याचे आजोबा जहाजावर खलाशी होते. वेलिंग्टन बंदर त्यांना फार आवडलं होतं, म्हणून नातवाचं नाव उएलिंगितोने. सामोअन जिभेवर वेलिंग्टनचं तसंच होतं. गावाला मात्र तो नुसता उएली.

त्याचं काम सांगायला सोपं. कंपनीतलं कुठलंही दार, कुठलाही पंप, कुठलाही संगणक माणसाला आधी एकच विचारतो: तू कोण? त्याचं उत्तर ज्या डेटाबेसमध्ये ठेवलेलं, त्याचा राखणदार उएली. सॉफ्टवेअर परदेशातलं. ते कुठं विरलं, कुठं भोक पडलं की तिकडून पॅच यायचा. पॅच म्हणजे दुसरं काय हो, ठिगळच की. गोधडीला लावतात तसंच हेही लावायचं. फरक एवढाच की गोधडी पांघरून लोक झोपलेले असतात आणि ठिगळ लावताना कुणाला जाग येता कामा नये.

असली ठिगळं उएलीनं पुष्कळ लावली होती. यंदाचं मात्र त्याच्या स्वतःच्या नशिबाला येऊन चिकटलं.

पन्नाशीला टेकला तरी उएली अजून बिनपदवीचा होता. बिनपदवीचा म्हणजे सभेच्या दिवशी डुक्कर भाजायचं, आवाच्या, म्हणजे मुळं कुटून केलेल्या मानाच्या पेयाच्या, वाट्या फिरवायच्या, आणि कडेला मांडी घालून थोरांचं ऐकायचं. केस पिकले तरी हाक यायची, "पोरा, लाकडं आण!" शेवटी आईच्या घराण्यानं मनावर घेतलं. ऑक्टोबरात सोहळा करून त्याला मताई करायचं, म्हणजे घराण्याचं मानाचं नाव द्यायचं, असं ठरलं. नाव होतं सेउवाई. मातालेनानं, त्याच्या बायकोनं, त्या दिवशी मानाची भेट म्हणून द्यायला बारीक चटई विणायला घेतली. तिची पाती इतकी नाजूक की ती विणताना बोलायचीसुद्धा हळू.

अडचण एवढीच की सेउवाई आधीच तीन होते, आणि तिघांचाही होकार लागणार होता. एकानं नाक मुरडलं की कारभार आटोपला.

तिघंही त्याच कंपनीत. एक टाकीवाले, डोंगरावरची मोठी टाकी त्यांच्या ताब्यात. दुसरे टँकरवाले. तिसऱ्या सेउवाई बाई होत्या, बिलांच्या खिडकीत बसायच्या, आणि त्यांच्यासमोर उभं राहिलं की नळ बंद असलेला माणूसही बिल भरून मोकळा व्हायचा. उएलीचे पहिले दोघे मामा, तिसरी मावशी. घराण्याच्या तीन शाखा. थोरली कुठली यावर या तीन शाखांनी एक पिढी भांडण्यात घालवली होती. शेवटी म्हाताऱ्यांनी तोड काढली: एकाच दिवशी, एकाच सोहळ्यात, एकच नाव तिघांना. थोरलं कुणी नाही, धाकटं कुणी नाही. त्या दिवसापासून शांतता होती. समुद्र ओहोटीला खडकांत निजतो तशी, एक डोळा उघडा ठेवून.

तर परदेशातून निरोप आला. सॉफ्टवेअरला मोठं भोक पडलंय, सोमवारच्या आत पॅच लावा, नाहीतर तुमची दारं आम्ही आमच्या बाजूनं बंद करू. रविवारी सालेवाओत कुणी कामाला हात लावत नाही. शनिवारीही दिवस कलला की प्रार्थनेचा शंख होतो आणि मग रस्त्यावर कुत्रंदेखील फिरत नाही. म्हणजे शनिवारची दुपार तेवढी हातात.

उएली शहाणा. खऱ्या डेटाबेसला हात लावण्याआधी तो त्याची नक्कल काढून तिच्यावर पॅच लावून बघायचा. त्या दुपारी त्यानं नक्कल काढली, पॅच सोडला, आणि पडद्यावरची हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकायला लागली. पंख्यांची घरघर, बाहेरून झऱ्याचा आवाज, अंगात उबदार मेंढी. त्याचा डोळा लागला. स्वप्नात तो खाजणात कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि सगळ्या गावाची नावं मासे होऊन त्याच्या पोटऱ्यांना घासून जात होती. कुणाचं चंदेरी, कुणाचं निळं. तो एकेकाला ओळखत होता, हसत होता. तेवढ्यात तीन लांब पंखांचे पक्षी वरून फिरत आले, एकावर एक बसले, आणि त्यांची पाण्यावर पडली ती एकच सावली.

दचकून उठला तर पट्टी भरलेली. यादी बघतो तर काय, तीन सेउवाईंचा एक सेउवाई झालेला! त्या एकाला टाकीची किल्ली, टँकरची किल्ली, बिलांची खिडकी, सगळं. बाकीचे दोघे पृथ्वीतलावरून नाहीसे.

त्यानं ऑकलंडला नीलला फोन लावला. नील सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस, भला, पण सदा घाईत.

"अरे, नवा नियम आहे तो," नील म्हणाला. "नाव तेच, गाव तेच, जन्मतारीख तीच, म्हणजे माणूस तोच. तुमच्याकडे तिघांची जन्मतारीख एकच कशी?"

उएलीला आठवलं. नोंद करायच्या दिवशी मावशीनं ठणकावून सांगितलं होतं, "सेउवाई जन्मली ती सोहळ्याच्या दिवशी. त्याआधीची ती पोरगी वेगळी. तिची तारीख तुला कशाला हवी?" मामांनीही मान डोलावली होती. आणि यानं ती तारीख तिघांच्या चौकटीत भक्तिभावानं लिहिली होती.

"जुळे-तिळे आहेत काय?" नीलनं विचारलं.

"तसंच समज."

"मग जुनी नावं लिही."

"जुनं नाव घेणं म्हणजे भर सभेत थोबाडीत मारणं आहे बाबा."

"मग एक, दोन, तीन असे आकडे टाक ना. दोन मिनिटांचं काम!"

उएलीनं फोन ठेवला आणि कितीतरी वेळ त्या मेंढीच्या कानाचा धागा ओढत बसला. दोन मिनिटांचं काम खरंच. पण एक कोण?

विचारल्यावाचून सुटका नव्हती. पंपघरामागं झऱ्याकाठी भिंती नसलेलं मोकळं घर होतं, तिथं तिघंही शनिवारचे पत्ते खेळत बसले होते. कपांत कोको, पायाशी वारा. उएली स्वेटर काढायचाच विसरला.

"हा बघा, मेंढपाळ आला," टँकरवाले म्हणाले.

"मामा, मावशी, एक घोटाळा झालाय. यंत्रानं तुम्हा तिघांचा मिळून एकच माणूस केलाय."

टाकीवाले पत्त्यांतून डोळे न काढता म्हणाले, "कुठला? मीच ना?"

"लागले लगेच!" मावशी.

"एक केला तर केला," टँकरवाल्यांनी पत्ता टाकला. "मग उद्या प्रार्थनेलाही एकानंच जायचं. जा गं तू, माझं तेवढं झोपणं होईल."

"तुमच्या खऱ्या जन्मतारखा सांगितल्यात तर भागेल," उएली चाचरत म्हणाला.

पत्ते थांबले.

"माझी नोंद चर्चमध्ये होती, ती वादळात गेली," टँकरवाले छपराकडे बघत म्हणाले.

"कसलं वादळ? ते तर तुझ्या जन्माआधी झालं!" मावशी उसळली.

"ऐकलंस उएली? हिला ते वादळ आठवतंय. म्हणजे थोरली कोण ते तूच समज."

"मला आठवत नाही, मी ऐकून आहे! मेल्या, शब्दात पकडतोस होय?"

टाकीवाले इतके हसले की त्यांचा कोको सांडला. पण हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "दुसरा काही उपाय?"

"तो नील म्हणतो, आकडे टाका. एक, दोन, तीन."

आता कुणीच हसलं नाही. टाकीवाल्यांनी हातातले पत्ते पालथे ठेवले आणि हळू आवाजात म्हणाले, "उएली, ऑक्टोबर अजून लांब आहे रे बाळा."

उएलीच्या अंगातली मेंढीसुद्धा गारठली असेल.

टँकरवाले पेटलेच होते. "फालेफेतूच्या माणसाला दोन म्हणायची छाती आहे कुणाची?"

"आणि उलुतोआला तीन म्हणून बघ!" मावशी म्हणाली.

उएली त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. घराघराच्या जोत्याला नाव असतं. सभेत मानानं बोलायचं तर त्या जोत्याचं नाव घेतात. टँकरवाल्यांचं फालेफेतू, मावशीचं उलुतोआ, टाकीवाल्यांचं वाईपुना. हे सगळं त्याला पाळण्यापासून ठाऊक. पण आपल्या पाठीवरचा तीळ दुसऱ्यानं दाखवावा लागतो, तसं झालं.

"जोतं लिहू!" तो ओरडलाच. "सेउवाई, जोतं फालेफेतू. सेउवाई, जोतं उलुतोआ. सेउवाई, जोतं वाईपुना. मग यंत्राला तीन माणसं दिसतील."

तिघं जरा नरमले. मग मावशीनं डोळे बारीक केले. "यादीत वर कोण?"

"इंग्रजी क्रम लावला तर फालेफेतू."

"असं होय!"

"थांब ना मावशी. आपल्या शाळेतल्या क्रमात आधी सगळे स्वर, मग व्यंजनं. तो लावला तर उलुतोआ वर. डेटाबेसला अक्षरांचा क्रम आपण शिकवू तोच. दारांवरच्या यादीला इंग्रजी लावतो, कचेरीतल्या यादीला आपला."

टँकरवाले दारावर खूश, मावशी कचेरीत खूश. टाकीवाले मात्र बोटांवर अक्षरं मोजत होते. मोजून झाली. "म्हणजे वाईपुना दोन्हीकडे तळाला?"

उएली त्यांच्या शेजारी मांडी घालून बसला. "मामा, आवाची शेवटची वाटी कुणाला जाते?"

पहिली वाटी मानाची तशी शेवटचीही मानाची, हे शेंबडं पोरही सांगेल. टाकीवाले पत्ते उचलून म्हणाले, "शेवटच्या वाटीनंतर कुणाला तोंड उघडायची सोय नसते. लिही."

उएली उठला तशी मावशी म्हणाली, "आणि चौथ्याचं काय रे? तुझ्या नावापुढं जोतं कुठलं?"

उएली सासऱ्याच्या जमिनीवर, शेजारच्या गावात राहत होता. त्याला जोतं नव्हतं. जोतं ही चौकट यंत्रात घातली की ती रिकामी ठेवून सेउवाई होता येणार नव्हतं, आणि ती चौकट त्यालाच घालायची होती. तिघंही त्याच्याकडे बघत होते.

"बघू," एवढंच म्हणून तो थंड खोलीत परत गेला.

ऊन कलायला लागलं होतं. त्यानं खरा डेटाबेस थांबवला आणि सगळी कंपनी क्षणभर कुणालाच ओळखेनाशी झाली. दारं, पंप, खिडक्या, सगळे झोपेतल्या बाळासारखे निर्धास्त. त्यानं नवी चौकट घातली, तिघांची जोती लिहिली, दोन्ही क्रम शिकवले आणि ठिगळ लावलं. पट्टी सरकत राहिली. या वेळी त्याला झोप आली नाही. आपलं जुनं नाव त्या यादीत खाली, एकटं, जोत्याच्या रिकाम्या चौकटीसकट, तो बघत राहिला. वाईट वाटावं असं त्याला वाटलं, पण वाटेना. वर तीन सेउवाई वेगवेगळे उभे होते, आणि ते बघायला बरं वाटत होतं. शंख झाला तेव्हा दारं पुन्हा माणसं ओळखायला लागली होती.

घरी आल्यावर त्यानं मातालेनाला सगळं सांगितलं. तिनं चटई गुंडाळून आढ्यावर ठेवली. "म्हणजे ऑक्टोबरात नाही?"

"नाही."

"बरंय. नाहीतरी पूर्ण होत नव्हती," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून भांडी आवरायला लागली. जरा जास्तच वेळ आवरत होती.

घराण्याची सभा बसली तेव्हा उएली नेहमीसारखा कडेला. टाकीवाले म्हणाले, जोतं नसलेल्याला नाव देता येत नाही. मावशी म्हणाली, खरंय. टँकरवाले म्हणाले, टाकीच्या वर रानात जुन्या पणज्याचं जोतं पडलंय. त्यावर तिन्ही शाखा हक्क सांगतात, म्हणून कुणीच घर बांधत नाही. तिघांनाही मिळत नाही तर चौथ्याला का देऊ नये? यावर तिघांचंही एकमत झालं. त्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं, त्यामुळं सगळे जरा घाबरल्यासारखे बसून राहिले. मग ठरलं: छप्पर उभं राहील त्या वर्षी सोहळा.

पुढच्या आठवड्यात उएली आणि मातालेना कोयते घेऊन वर चढले. वेली इतक्या माजल्या होत्या की दगड हातानं चाचपून शोधावे लागले. एक कोपरा मोकळा झाला, मग दुसरा. काळे, गुळगुळीत, अजून पातळीत बसलेले. खाली टाकी, तिच्याखाली गाव, मग खाजण, आणि पार लांब लाटांची पांढरी रेघ, जिचा आवाज इथवर येईपर्यंत पुसट होऊन जायचा.

"नाव काय या जोत्याचं?" मातालेनानं विचारलं.

"टाकीवाल्या मामांना विचारलं, ते म्हणाले तिआवेआ. टँकरवाले म्हणाले, छे, मालूफाऊ. मावशी म्हणाली, दोघं खोटारडे, ते सालामुमू."

"मग तू चौकटीत काय लिहिणार?"

उएलीनं पालथ्या हातानं घाम पुसला आणि दगडावर आडवा झाला. दगड उन्हानं छान तापलेला होता.

"छपराला लाकूड कुठलं घ्यायचं ते आधी बोल," तो म्हणाला, आणि डोळे मिटले.