बोंबलांची राखण

गोराईच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरात पक्षीनिरीक्षणाचा महोत्सव होता. मेव्हण्याने दुबईहून आणलेली दुर्बीण गळ्यात अडकवून मी बोरिवलीहून गेलो. तिथे एक म्हातारी कोळीण काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांपाशी बसून सारखा डबा बडवत होती.

"मावशी, पाखरं उडतात ना! बंद करा जरा," मी वैतागून म्हणालो.

तिने मला नीट न्याहाळलं आणि डबा माझ्याच हातात दिला. "मग तू बस इथं. मी जेवून येते."

ती गेली आणि काय झकास पाखरं उतरली! घारी, कुरव, बगळे. मी वहीत भराभर नोंदी केल्या. 'आहार' या रकान्यात 'बोंबील' लिहिलं.

ती परतली. तिने रिकाम्या काठ्यांकडे बघितलं, मग माझ्या वहीकडे.

"लिवलंस ना सगळं? वाच आता, कोणी कोणी खाल्ले ते."