पिकात उभा हद्दीचा दगड

तुमच्या वावराला लागून जाणारा शिवरस्ता तुम्ही शेवटचा कधी पाहिला? बांध नव्हे, रस्ता. बैलगाडी जाईल एवढा.

आमच्या घरात वह्यांआधी पत्रकं आली. वडील शिक्षक. सुट्टीच्या दिवशी गावोगाव पत्रकं वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवायचे. ‘रस्ता सगळ्यांचा’ हे त्यातलंच एक, त्यांनी स्वतः लिहिलेलं. म्हणून गेल्या दिवाळीआधी मी आणि मामेबहीण मोटारसायकलवर तंबू बांधून निघालो, तेव्हा अट मीच घातली. हमरस्ता धरायचा नाही. घनसावंगीकडच्या आमच्या गावाहून वर धावड्यापर्यंत आडवाटांनीच जायचं. वाटेतल्या काही गावांचे नकाशे मी मोबाइलमध्ये घेतले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जाफराबाद ओलांडल्यावर, नकाशातली दुहेरी तुटक रेघ धरून आम्ही डांबरी सोडली. रेघ पुढं जात राहिली. रस्ता कापसात संपला.

“नकाशा बराबर आहे,” मी म्हणाले.

“असंल. मंग गाडी कापसात घालू का?” गाडी ताई चालवत होती. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि माझ्या भाषणांना सरावलेली.

तेवढ्यात कापसापलीकडून, बांधावरून, डोक्यावर सोयाबीनचा भारा घेतलेली एक बाई आली. पन्नाशीची असेल. आमच्या गाठोड्याकडं बघून म्हणाली, “काय विकून राह्यल्या गं पोरींनो?”

“काही न्हाई मावशी. रस्ता शोधतोय.”

“मी बी.”

तिची सोयाबीनची सुडी, म्हणजे कापून रचलेला ढीग, तीन वावरं आत होती. मळणीयंत्र डांबरीवर येऊन थांबलं होतं, कारण आत यायला वाट नव्हती. शेजाऱ्यानं रस्ता नांगरून कापूस लावला होता. सकाळपासून ती भारे वाहत होती. पश्चिमेला आभाळ भरून आलं होतं आणि तिची ताडपत्री अर्ध्या सुडीलाच पुरणारी. भिजलं तर दाणा काळा पडणार, वर्षाचं पीक वाया.

माझं डोकं तापलं. हा सार्वजनिक रस्ता आहे, तहसीलदाराला तो मोकळा करून द्यावाच लागतो, मी नकाशा दाखवते, असं मी सुरू केलं.

“भाषण मंग कर माय,” ती म्हणाली, “आधी ह्याला हात लाव.”

ताई इतकी हसली की गाडी स्टँडला लावताना पडता पडता राहिली.

आम्ही तंबू सोडला, त्याचं वरचं कापड सुडीच्या उघड्या बाजूवर ताणलं, चहूकडं खुंट्या ठोकल्या आणि भारे वाहायला लागलो. काळ्या मातीत चप्पल रुतते म्हणून ती काढून टाकली. दिवस मावळायच्या आत पाऊस आला. तोवर निम्मं सोयाबीन डांबरीवर मळून पोत्यांत भरलं होतं आणि निम्मं आमच्या कापडाखाली कोरडं होतं. धावडा राहिलाच. मुक्काम तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला.

सकाळी उरलेले भारे नेताना तिनं कापसातला एक दगड दाखवला. गुडघाभर उंच, कापसात चार पावलं आत. “ही हद्द. दगडाच्या पलीकडं त्याचं वावर, अलीकडं रस्ता. दरसाली नांगराचं एकच तास, एक ओळ, पुढं सरकायचं, बस. एका तासासाठी कोण भांडतं? असं करत करत अख्खा रस्ता गेला.” मग सहज विचारलं, “तुमच्याकडं हाये का रस्ता?”

“आहे ना,” मी ठणकावून म्हणाले. आणि डोक्यावरचा भारा खाली ठेवला.

आमच्या तुरीत, कडेपासून काही पावलं आत, एक शेंदूर लावलेला दगड आहे. त्याला आम्ही म्हसोबा म्हणतो. पेरणीआधी नारळ फोडतो. लहानपणी त्याच्याजवळ बसून मी भाकरी खाल्ली आहे. देवाच्या दोन्ही बाजूंना आमचीच तूर असते.

धावड्याला गेलोच नाही. घरी येऊन मी आमच्या गावाचा नकाशा वडिलांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

“तो दगड आजोबांच्या वेळेपासून तिथंच आहे,” ते म्हणाले.

“दगड न्हाई हालला बाबा. आपण हालून राह्यलो.”

ते रागावले. पत्रकं कुणी लिहिली हे मला ऐकवलं. मी म्हणाले, तुम्हीच लिहिली, म्हणून तर तुम्हाला सांगतेय. दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते स्वतः मोजायची दोरी घेऊन वावरात गेले. तूर निघाली तशी दगडापलीकडची पट्टी मोकळी सोडली. म्हसोबा आता रस्त्याच्या कडेला आहे, आणि आमच्या मागच्या वावरवाल्यांची गाडी त्याच्यासमोरून जाते.

मावशीचा अर्ज मी लिहून दिला, तिनं तहसीलला दिला. तिचा रस्ता अजून कापसातच आहे. मी पाठपुरावा सोडणार नाही. पण तिच्या शेजाऱ्याला जाब विचारायला मी आता ताठ मानेनं जाऊ शकते.

तुमच्याकडं एवढंच मागते. पुढच्या पेरणीआधी तलाठ्याकडून गावाचा नकाशा घ्या आणि हद्दीचा दगड शोधा, आधी स्वतःच्या वावरात. तो पिकात उभा असेल, तर नांगर मागे घ्या.