सरणाची लाकडं

आमच्या लोणखेड्यातला हा सापाचं विष उतरवणारा बाबा बाजारात दिसला की माझ्या खांद्यावर हात टाकतो आणि चारचौघांना ऐकवतो, "याले मी यमना दारथीन वापस लई उनू."

मिरचीच्या वावरात मला नाग डसला, तेव्हा भाऊ गाडी जुंपून गोऱ्या डॉक्टरच्या दवाखान्यात न्यायला निघाला होता. यानंच अडवलं. गोऱ्याच्या औषधानं मंत्र बाटतो म्हणे! मग विष चढलंय का ते बघायला माझ्या तोंडात मिरची कोंबली. ती चांगली झोंबत होती, पण सांगायला जीभ हलेना, थुंकी गिळवेना. पापण्या आपोआप मिटल्या, हातपाय लुळे पडले. ऐकू मात्र सगळं येत होतं. यानं माझी पापणी उचलून सोडली आणि भावाला म्हणाला, "हाऊ गया. लाकडे आना."

दुपार कलल्यावर माझ्या पायाचा अंगठा हलला. लगेच या बहाद्दरानं कडुलिंबाचा डहाळा उचलून मोठ्यानं मंत्र सुरू केला.

मी बरा झालो तेव्हा भावानं त्याला खापरावरच्या मांड्यांचं जेवण घातलं. चुलीत माझ्या सरणासाठी आणलेली लाकडं जळत होती, आणि हा आणखी एक मांडा मागत होता.