कपाटाखालचे क्यूब

आमच्या बिबवेवाडीच्या घराला तळमजल्याचं सुख आहे आणि दुःखही तळमजल्याचंच आहे. जिने चढावे लागत नाहीत हे सुख. जोराचा पाऊस झाला की मोरीतून पाणी उलटं घरात येतं, हे दुःख. सात वर्षांपूर्वी असंच पाणी आलं आणि माझ्या लग्नातलं लोखंडी कपाट खालून गंजायला लागलं. हे तेव्हा महामार्गाच्या कामावर होते. शहराबाहेर रस्ता रुंद करून वर उड्डाणपूल बांधत होते आणि त्या पुलाच्या खांबांवर देखरेख करणारे सरकारी इंजिनिअर म्हणजे आमचे हे. मी म्हटलं, "अहो, कपाटाचं काहीतरी बघा." हे पेपरातून मान न काढता म्हणाले, "तूच बघ."

मी बघितलं. तिथंच सगळं चुकलं.

साईटची जीप ह्यांना न्यायला यायची, आणि ह्यांचं आवरेपर्यंत ड्रायव्हर आमच्याकडे चहा घ्यायचा. त्याला मी म्हटलं, "दादा, कपाटाच्या पायांखाली घालायला चार ठोकळे मिळतील का हो साईटवर?" तो म्हणाला, "वहिनी, चार काय, चाळीस आणतो." बांधकाम खात्यातल्या बायकांना हे काँक्रीटचे ठोकळे चांगले माहीत असतात. कुणाच्या तुळशीखाली असतात, कुणाच्या पाण्याच्या पिंपाखाली. विटेपेक्षा सुबक, चारी बाजूंनी सारखे आणि पाणी लागलं तरी विरघळत नाहीत. दुसऱ्या दिवशी पोत्यातून चार आले. तीन एकसारखे, चौथ्याचा कोपरा उडालेला. कपाट उचलून आम्ही ते खाली सरकवले आणि मी विसरून गेले.

हे ठोकळे कशासाठी असतात ते मला आत्ता कळलंय. त्यांना क्यूब म्हणतात. खांबाचं काँक्रीट ओततात तेव्हा त्यातलंच थोडं साच्यात घालून हे करतात आणि पाण्यात भिजत ठेवतात. काही सातव्या दिवशी काढतात, काही अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि मशीनखाली दाबून फोडतात. किती जोराला फुटला ते रजिस्टरात लिहायचं. म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाण्याच्या पुडीचे कागद वाचून झालेलं. पण एवढं मला बरोबर समजलं. शीत दाबून बघायच्या आधीच मी ते उचलून घरी आणलं होतं.

पण ते पुढे. ह्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि यंदा जुन्या कचेरीतून फोन आला. ऑडिटवाले आले आहेत, साहेब, तुमच्या वेळचे प्रश्न आहेत. एवढं मोठं सरकारी काम पुरं झालं तरी संपत नाही. ऑडिटची माणसं वर्षांनंतरही येतात, बस्ते सोडून कागद वाचतात, ठरलं काय होतं आणि झालं काय ते ताडून बघतात. शंका आली की अर्ध्या समासाचा कागद देतात. म्हणजे पानाच्या डाव्या अर्ध्या बाजूला त्यांचा प्रश्न आणि उजवी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूत आपण उत्तर लिहायचं.

तो कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. हे खुशीत होते म्हटलं तरी चालेल. निवृत्त माणसाला कुणी काही विचारलं की बरं वाटतं. मी भाजी निवडत समोर बसले होते.

"काय विचारतायत एवढं?" मी म्हटलं.

"सातव्या खांबाचे क्यूब. अठ्ठावीस दिवसांचे निकाल रजिस्टरात आहेत, पण मशीनच्या नोंदीत त्या दिवशी काही फोडल्याचं दिसत नाही, म्हणे."

"मग?"

"मग काय! मशीनची वही उंदरानं खाल्ली असेल. एकेक क्यूब माझ्या डोळ्यांदेखत फुटलाय. लिहितो तसं."

ह्यांचा हा अभिमान मला पाठ आहे. मुलीच्या वहीला कव्हर घालायला कचेरीतला खाकी कागदसुद्धा कधी घरी आला नाही. मी भाजी निवडता निवडता सहज डावी बाजू वाचली. खांबाचा नंबर होता, काँक्रीट ओतल्याची तारीख होती. आणि दोन्ही मला ओळखीचे वाटले. कारण कपाटाखाली केरसुणी घालताना सात वर्षं मी त्या ठोकळ्यांवरची ओरखाड्यासारखी अक्षरं बघत होते. ओल्या काँक्रीटवर खिळ्यानं लिहिलेली.

हे आंघोळीला गेल्यावर मी मोबाईलची बॅटरी लावून जमिनीवर आडवी झाले. तिन्हींवर तोच खांब, तीच तारीख. चौथा, कोपरा उडालेला, कोराच होता.

पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. हातांना काम हवं म्हणून डबे घासले. घासलेले डबे पुन्हा घासले. मुलीला फोन लावला आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. हे टेबलाशी बसून कच्चं उत्तर लिहीत, खोडत, मला वाचून दाखवत. "स्वतः उपस्थित राहून," असं एक वाक्य होतं, ते ह्यांना फार आवडलं होतं. ते ऐकलं की मी उठून गॅलरीत जायची. शुक्रवारी सही करून तो कागद द्यायचा होता. एकदा सही झाली की ह्यांचा सगळा प्रामाणिकपणा त्या एका वाक्यावर उभा राहणार होता, आणि वाक्याखाली माझे ठोकळे.

खरं सांगते, बुधवारी दुपारी हे बँकेत गेल्यावर मी लोखंडी घासणी घेऊन पुन्हा कपाटापाशी बसले. पुढच्या ठोकळ्यावरची तारीख घासायला लागले. काँक्रीट ते, सहज जातंय थोडंच. पण एक आकडा अर्धा पुसट झाला, आणि जमिनीवर पांढरी भुकटी पडली. ती बघून मला स्वतःचीच लाज वाटली. मी घासणी टाकली आणि तशीच बसून राहिले. हे परत आले तेव्हाही मी तिथंच होते.

"पडलीस की काय?"

"नाही. खाली वाका जरा."

"माझी कंबर..."

"सात वर्षं मोजे शोधायला वाकताय ना? वाका."

हे वाकले. वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग पलंगावर बसले आणि म्हणाले, "म्हणजे पुरावा कपाटाखाली ठेवून तू मला टेबलावर निबंध लिहू दिलास?"

"मला परवा कळलं."

"कोणी सांगितलं होतं तुला मागायला?"

"तुम्हीच. तूच बघ, म्हणाला होतात."

यावर एरवी ह्यांनी काहीतरी खोचक सुनावलं असतं. आज ते ठोकळ्यांकडेच बघत होते. मग दोन दिवस मनात धरून ठेवलेला प्रश्न मी विचारला. "अहो, खरं सांगा. हे तिन्ही इथे आहेत. मग तुम्ही फुटताना पाहिले ते कोणते?"

ह्यांनी चष्मा काढून पलंगावर ठेवला.

"महिन्याच्या शेवटी रजिस्टर यायचं," हे म्हणाले. "एकदम वीस-वीस सह्या. लॅबच्या माणसाला क्यूब सापडले नसतील, सातव्या दिवसाचे आकडे बघून त्यानं पुढचे बसवले असतील. मी सही केली." आणि मग, "इतकी वर्षं मला खरंच वाटत होतं, मी तिथं उभा होतो."

ह्यांना खोटं बोलताना मी कधी पकडलं नाही. हे खोटं ते स्वतःशीच बोलले होते, ते मला कुठून सापडणार?

शुक्रवारी आम्ही कपाट रिकामं करून सरकवलं आणि तिन्ही ठोकळे तीन पिशव्यांत घातले. एकेक सात-आठ किलोचा. रिक्षावाला म्हणाला, "काका, घर बांधताय काय?" हे म्हणाले, "नाही, पाडतोय." एवढंच काय ते त्या दिवशीचं हसू.

मी कचेरीत जाणार नव्हते, पण पिशव्या तीन आणि ह्यांचे हात दोन. ऑडिटची अधिकारी आमच्या मुलीच्या वयाची, केस घट्ट बांधलेली, टेबलावर फायलींचा ढीग. ह्यांनी एकेक ठोकळा काढून तिच्यासमोर ठेवला. टेबल किंचित वाकलं. मग कागदाच्या कोऱ्या उजव्या बाजूत उभ्या उभ्या लिहिलं, मी वाचलंय: चाचणी झालेली नाही, न पाहता सही केली, क्यूब माझ्या घरी होते.

ती वाचत होती. मला राहवेना. "बाई, मी मागून घेतले होते ते. ह्यांना माहीत नव्हतं. माझंही लिहा."

तिनं वर बघितलं. "काकू, आपल्याला कुठल्या रकान्यात घालू? ठेकेदार, अभियंता, प्रयोगशाळा... गृहिणी असा रकाना नाहीये इथे."

"मग करा."

ती हसली नाही, पण पेन खाली ठेवलं. एका ठोकळ्यावरच्या पुसट आकड्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तिनं विचारलं नाही.

मी म्हटलं, "आता हे फोडून बघा ना. म्हणजे खांब कसा आहे ते कळेल."

"सात वर्षं पाण्याबाहेर राहिलेत, काकू. हे फोडून त्या वेळचं काही कळणार नाही. खांबालाच विचारावं लागेल."

खांबाला विचारायचं म्हणजे त्याला भोक पाडून आतलं काँक्रीट काढायचं. महिन्याभराने ते काम झालं, आणि आम्हीही गेलो. मी हट्टच धरला होता. पुलाखाली वाहनं घोंघावत होती, मशीन खांबाला चिकटलं होतं, पाणी आणि राखाडी चिखल खाली ओघळत होता. वरून ट्रक गेला की मला पायांत धक्का जाणवायचा. त्या प्रत्येक ट्रकमध्ये कुणीतरी माणूस बसलाय, एसटीत तर पन्नास बसलेत, आणि मला कपाट कोरडं हवं होतं! शेवटी काँक्रीटचा लांब गोल तुकडा बाहेर आला, पोळपाटावरच्या लाटण्याएवढा, जरा जाड. हे पुढे होऊन बघत होते. हात मागे बांधलेले. आता तिथं त्यांचा अधिकार नव्हता.

अहवाल येईपर्यंतचे आठवडे विचारू नका. आमच्या बोलण्यात पूल यायचा नाही, आणि दुसरं काही बोलणंही व्हायचं नाही. मग ह्यांच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. खांब चांगला निघाला, ठरल्यापेक्षा मजबूत. ह्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "चहा टाक." पाठमोरे बसून राहिले, त्यांचे खांदे हलत होते, म्हणून मी बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

ऑडिटचा शेरा मात्र राहिलाच. खांब चांगला निघाला म्हणून न केलेली चाचणी केलेली होत नाही, असं त्या मुलीनं ह्यांना स्पष्ट सांगितलं. ह्यांनी तिच्यापुढे मान हलवली. घरी मला म्हणाले, "बरोबर आहे तिचं."

कपाटाखाली आता तो कोरा चौथा ठोकळा आणि लाकडाचे तीन तुकडे आहेत. तुकडे सारखे मिळाले नाहीत, त्यामुळे दार नीट लागत नाही, आणि हे येता-जाता ते ढकलतात.

मुलीकडे जाताना आमची बस त्या पुलाखालून वळते. भोक बुजवलंय, पण नवा सिमेंटचा गोल जुन्यापेक्षा पांढरा पडलाय, लांबून दिसतो. मी खिडकीशी सरकते.

"बघू नकोस," हे म्हणतात. "भरलंय ते."

मी बघतेच. आणि बस पुढे गेल्यावर मागे वळून ह्यांच्याकडे बघते, तर हेही मान वळवून तिकडेच बघत असतात.